बर्फावरचं पित्त

"पोरगी बोलत न्हाय, पण इंग्लिश लई भारी हाय तिचं."

आप्पा हे फोनवर सांगत होते. ते एका मोठ्या दगडावर चढून उभे होते, कारण त्या सगळ्या परिसरात फोनला रेंज फक्त त्याच दगडावर यायची, आणि तीही एका बाजूला तोंड केलं तरच. मी त्यांच्या मागे दहा पावलांवर, बर्फाच्या पाण्याच्या नळीखाली बाटल्या भरत होते. माझ्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली करत नाहीत. गप्प माणसाला ऐकूही येत नसावं असा त्यांचा समज असतो, आणि मी तो कधी मोडला नाही. त्यामुळे मला बरंच काही कळतं.

पलीकडे निपाणीचा त्यांचा जुना मित्र होता. त्याला आप्पा पुढे म्हणाले, "माझं एक वाक्य असतंय, ती त्यातलं अर्धंच सांगतीया. पन समोरचा खूश हुतोय. काय सांगतीया कुणाला ठावं."

आम्ही जॉर्जियात होतो. काझबेक नावाच्या पर्वताच्या अंगावर, साडेतीन हजार मीटरच्याही वर, एका जुन्या दगडी इमारतीत आमचा मुक्काम होता. कधी काळी तिथं हवामानाच्या नोंदी घेत. आता गिर्यारोहक ओले मोजे वाळवतात. आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजून वाटतं की आम्ही अमेरिकेला गेलो होतो. तिथंही एक जॉर्जिया आहे म्हणे. आम्ही कुणाला दुरुस्त केलेलं नाही. आप्पा म्हणतात, ऱ्हाऊ दे, वजन पडतंय.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांची छोटी फौंड्री आहे. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, पंपाचे भाग तयार करायचे. वय अठ्ठावन्न. पस्तीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला एकदा बर्फावर जाऊन उभं राहावंसं वाटलं, यात मला काही विचित्र वाटलं नाही. घरातल्या बाकीच्यांना वाटलं. काकू म्हणाली, "फ्रिज उघडून त्याच्या म्होरं हुबं ऱ्हावा की."

दीड वर्ष ते दर रविवारी पाठीवर सॅक टाकून राजहंसगड चढत होते. सॅकमध्ये रिजेक्ट झालेली कास्टिंगं, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग, भरलेली असायची. गडावर फिरायला आलेलं कुणी विचारायचं, एवढं काय घेऊन चाललाय. आप्पा सांगायचे, "गिऱ्हाइकानं परत धाडलेलं पाप."

त्यांच्याबरोबर निपाणीचा हा मित्रच जायचा होता. त्याला इंग्रजी येतं अशी आप्पांची पक्की समजूत होती. निघायच्या दोन महिने आधी त्याचा गुडघा गेला आणि डॉक्टरनं त्याला जिनासुद्धा बंद केला. मग घरात बैठक बसली. काकूनं अट घातली की एकट्यानं जायचं नाही, आणि हे एकदाच. ह्या वर्षी झालं तर झालं, पुन्हा ह्या घरात बर्फाचं नाव काढायचं नाही. आप्पांनी बैठकीत इकडंतिकडं बघितलं. मी कोपऱ्यात शेंगा सोलत होते.

"हिला नेतो," ते म्हणाले. "हिच्याकडं इंग्लिश हाय."

एखाद्याकडे टॉर्च आहे म्हणावं, त्या सुरात.

इंग्रजी असायलाच हवं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी शब्द तोंडातून गेला की वर्गाबाहेर उभं राहावं लागायचं, म्हणून मी शब्दच जपून सोडायला लागले. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, बसमध्ये कानडी, टीव्हीसमोर हिंदी. चार भाषांमध्ये गप्प बसायची मला चांगली सवय झाली. आता खासबागेतल्या घरी बसून मी मशिनांची माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहिते. काम मला मानवतं. मशीन उलट प्रश्न विचारत नाही.

दर रविवारी आप्पांच्या मागून मीही राजहंसगड चढत होते, हे बैठकीत कुणाला आठवलं नाही. मलाही त्या शिखरावर जायचं होतं. फोटोत बघितल्यापासून जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी "बघू" म्हणाले असते.

पायथ्याच्या गावात आम्ही एका घरी दोन दिवस उतरलो. घरमालकीणबाईंनी पहिल्या जेवणाला चीज भरलेली जाड, गोल रोटी केली. आप्पांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "तिखट न्हाय, मीठ न्हाय. दवाखान्यात आलोय का आपन?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतात?

"ते म्हणतात, असं त्यांनी आधी कधीच खाल्लं नव्हतं," मी इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी आप्पांना आणखी दोन तुकडे वाढले.

मी खोटं बोलत नव्हते. मी फक्त कापत होते. कडा घासून गुळगुळीत करत होते म्हणा, फौंड्रीत कास्टिंगच्या कडा घासतात तशा. पण होता होता असं झालं की त्या देशात दोन आप्पा फिरायला लागले. एक मराठीतले, मोठ्या आवाजाचे, सगळ्यात खोट काढणारे. दुसरे माझ्या इंग्रजीतले, मितभाषी, कृतज्ञ, जरासे संतच. लोकांना ते दुसरे फार आवडायचे.

आमचा गाइड तिथलाच होता. चाळिशीचा, बुटका, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. त्याचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण स्पष्ट. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "तुझे काका फार शांत माणूस आहेत."

"काय म्हनतोय?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही शांत आहात म्हणतोय."

आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "ह्याच्या मागनं बर्फावर जायाचं व्हय आपल्याला?"

"काका म्हणतात, तुमच्यामागे यायला ते तयार आहेत," मी गाइडला सांगितलं.

मी जवळ नसले की आप्पा त्याच्याशी कानडीत बोलायचे. बेळगावात समोरच्याला मराठी कळत नाही असं दिसलं की जीभ आपोआप कानडीकडे वळते. ती सवय देश बदलला म्हणून सुटत नाही. आणि परक्या माणसाशी कानडी बोलायची तर आदरानं बोलायची, शब्दाच्या शेवटी 'री' लावून. त्यामुळे चढावर मागून आवाज यायचा, "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा. गाइड खरोखरच बसायचा. मला वाटतं त्याला दमणुकीची भाषा कळत असावी. 'सावकाश' हा शब्दही आप्पांनी त्याला शिकवला. हा शब्द आमच्याकडे मराठीतही चालतो आणि कानडीतही, तेव्हा जॉर्जियनमध्ये न चालायला काय झालं, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवसापासून गाइड सगळ्या वाटेवर "सावकाश, सावकाश" करत चालायला लागला.

आता आप्पा ही गोष्ट उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्यावर सांगतात तेव्हा तिच्यात वादळ असतं, हिमकडा कोसळतो आणि एक अस्वल येतं. अस्वल नव्हतं. हवा पाचही दिवस उत्तम होती.

त्या दगडी इमारतीत पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी गाइडनं आम्हाला जवळच्या हिमनदीवर नेलं. बुटांखाली लोखंडी दात बांधायचे, म्हणजे बर्फात पाय घट्ट रुततो. आप्पांनी ते हातात घेऊन उलटेपालटे केले, टिचकी मारून आवाज ऐकला आणि ओतीव नाही, ठोकलेलं आहे, बरं आहे, असा शेरा दिला. मग तिघं एका दोरीला बांधलो. पुढे गाइड, मधे आप्पा, मागे मी. बर्फात निळसर भेगा होत्या, काही पाऊलभर रुंद, काही मोजता न येण्याइतक्या खोल. एक जण आत गेला तर बाकीच्या दोघांनी त्याला दोरीवर धरायचं, एवढीच ती युक्ती.

"दोरीवर बोलायचं," गाइड म्हणाला. "बूट सैल झाला, बोटं बधिर झाली, लघवी लागली, भीती वाटली. सगळं बोलायचं. गप्प बसायचं नाही."

मी ते आप्पांना मराठीत सांगितलं.

"हे तुला सांगतोय त्यो," आप्पा म्हणाले.

"दोघांना सांगतोय," मी म्हणाले.

परत येताना गाइडनं हातातल्या काठीनं वरची वाट दाखवली. हिमनदीच्या कडेनं जायचं, मग एक मोठं पठार, मग शिखराच्या मागून वळसा घालून शेवटचा उभा चढ. त्या वळशात म्हणे कुठं तरी रशियाची हद्द लागते. नेमकी कुठं, यावर एकमत नाही.

आप्पा थांबले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आपलेपणा दिसला. "म्हंजे हितंबी सीमाप्रश्न हाय. मग घरच्यागत वाटतंय."

"काय म्हणतात?" गाइडनं विचारलं.

"जागा आवडली म्हणतात."

त्याच दिवशी दुपारी तो दगडावरचा फोन झाला. आणि फोन संपवून खाली उतरताना आप्पांनी कपाळ धरलं. मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

"पित्त," ते म्हणाले.

आमच्या घरात पित्त हे एक खातं आहे. ज्याला दुसरं नाव नाही ते सगळं तिथं जमा होतं. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. काकू चिडली, पित्त. मी चार माणसांत बोलत नाही, हेसुद्धा एका मावशीनं पित्तात घातलं होतं आणि मला महिनाभर आवळ्याचा रस दिला होता. आप्पांना तर पित्ताचा अभिमानच आहे. भट्टीचं पित्त, ते म्हणतात, साधं नव्हे. त्यांच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात, टॉर्च आणि हातमोज्यांच्याही वर, आमसुलांचा डबा होता.

सूप आलं तेव्हा त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. दोन आमसुलं तोंडात टाकली. मग उठून बाहेर गेले. मी थोड्या वेळानं गेले तेव्हा ते भिंतीच्या मागे वाकून उभे होते आणि समोरच्या दगडांवर काय झालं होतं ते दिसत होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. चूळ भरून ते म्हणाले, "पडलं एकदा. आता मोकळं." तासाभरानं पुन्हा तेच झालं. तेव्हा त्यांनी मोकळं झाल्याचं सांगितलं नाही.

गाइड रोज जेवणानंतर आमच्यासमोर बसून तीन प्रश्न विचारायचा. डोकं? पोट? झोप? उंचीवर हवा विरळ असते, कुणाकुणाला ती सोसत नाही. डोकं दुखतं, उलट्या होतात, पुढे माणूस बरळायला लागतो, आणि त्यावर खाली उतरणं हा एकच उपाय. हे त्यानं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याचं मराठी केलं होतं. आप्पांनी मान डोलावली होती. विरळ हवेचा त्रास परक्या माणसांना होतो, आपल्याला पित्त होतं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्या दोन गोष्टींची त्यांनी कधी गाठच पडू दिली नाही.

"डोकं?" गाइडनं विचारलं.

"पित्त हाय म्हणून सांग," आप्पा म्हणाले. "वीस वर्सांचं हाय म्हणावं. त्याला काय हुत न्हाय."

पित्ताला इंग्रजीत काय म्हणायचं? खरा शब्द काढला तर तो यकृतापर्यंत जातो आणि ऐकणारा घाबरतो. मी आमच्याकडचा नेहमीचा शब्द वापरला. "अ‍ॅसिडिटी. त्यांना जुनी आहे."

गाइडनं भुवया वर केल्या. "वाइन प्याले?"

"ते पीत नाहीत."

त्यानं एक खारट बुडबुड्यांच्या पाण्याची बाटली आणून दिली. आप्पांनी ती अर्धी संपवली, मोठा ढेकर दिला आणि म्हणाले, "हे मातूर बरं हाय. सोड्यागत." गाइड हसला. ढेकर आला म्हणजे अ‍ॅसिडिटीच, असं त्यालाही पटलं असावं. उद्या जायचं ठरलं.

उलट्यांचं मी सांगितलं नाही. आप्पांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. आपलं काम भाषांतराचं. जे बोललं गेलं नाही त्याचं भाषांतर कसं करणार? स्लीपिंग बॅगमध्ये पडल्या पडल्या मी हे वाक्य तीन-चारदा मनात म्हटलं, आणि दर वेळी ते थोडं जास्त चांगलं लागलं. खरं कारण मला ठाऊक होतं. मी सांगितलं असतं तर गाइडनं आम्हाला दोघांनाही खाली नेलं असतं. आमची दोरी एक होती.

निघालो तेव्हा अंधार होता. त्या भागाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण डोक्यावरच्या दिव्यात मला फक्त आप्पांच्या टाचा दिसत होत्या. लोखंडी दात बर्फात रुतण्याचा आवाज शेंगांची टरफलं तुडवल्यासारखा येतो. सुरुवातीला तो ठेक्यात येत होता. मग मधे मधे चुकायला लागला.

उजाडलं तेव्हा आम्ही मोठ्या पठारावर होतो. खाली ढगांवर पर्वताची निळी सावली पडली होती, अगदी त्रिकोणी, कंपासपेटीतल्या गुण्यानं काढल्यासारखी. समोर शिखर होतं. इतकं स्वच्छ दिसत होतं की हात पुढे केला तर बोट टेकेल. मला आनंद झाला. मी मागे शेवटी होते आणि तोंडावर कापड होतं, त्यामुळे मी भरपूर हसून घेतलं.

आप्पा थांबले. वाकून हातमोज्यानं बर्फ उचलला, मुठीत दाबला, मूठ उघडून बघितलं.

"वाळू वल्ली हाय," ते म्हणाले. "साचा फुटंल."

मी पुन्हा हसले. हे त्यांच्याच तऱ्हेचं होतं. ते कुठंही जातात तिथं फौंड्री बरोबर नेतात. पुढे शंभर पावलांवर ते म्हणाले, "फोरमनला बोलीव." मी हसले, पण जरा उशिरा. त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि डाव्या हातावर चढवायला लागले, जिथं आधीच एक मोजा होता. तो बसेना. ते शांतपणे, पुन्हा पुन्हा, तो बसवत राहिले. चिडले नाहीत. हे मला आवडलं नाही. माझ्या इंग्रजीतले आप्पा असे शांत होते. मराठीतले कधीच नव्हते.

मी दोर गोळा करत पुढे गेले आणि त्यांचा मोजा हातातून घेतला. त्यांनी वर बघितलं. मी डोळ्यांवरचा गॉगल काढला, तोंडावरचं कापड खाली केलं. लख्ख उजेड होता. आमच्यात दोन फुटांचं अंतर होतं.

"बर्री," आप्पा मला म्हणाले. "निम्दू याव ऊर्री?"

या. आपलं गाव कुठलं?

आप्पा घरातल्या कुणाशी कानडीत बोलत नाहीत. ती भाषा त्यांना उत्तम येते, पण ती बाहेरच्यांसाठी आहे. कचेरीतले साहेब, धारवाडकडून येणारे गिऱ्हाईक, बसमधला शेजारी. मला त्यांनी जन्मापासून "ये गं" म्हटलंय. ते आता माझ्याकडे बघून आदरानं, मान किंचित झुकवून, माझं गाव विचारत होते. गाइडनं हे ऐकलं असतं तरी त्याला काही वेगळं कळलं नसतं. त्याच्या लेखी रोज हेच चाललं होतं, बर्री आणि कूड्री. त्या अख्ख्या पर्वतावर त्या 'री'चा अर्थ कळणारी मी एकटीच होते.

"आप्पा," मी म्हणाले. "मी आहे."

त्यांनी डोळे मिचकावले. काही वेळ गेला. मग ते परत आले, तुकड्यातुकड्यानं. आधी भुवया, मग तोंड. "व्हय की," ते म्हणाले. "तूच हायस. मग थांबलीस का?"

गाइड दोर सैल करत आमच्याकडे मागे आला. त्यानं आप्पांचा चेहरा बघितला, मग माझा. आप्पांना हात पुढे करायला लावून त्यानं बोटं दाबून बघितली.

"अजून दीड-दोन तास," शिखराकडे दोन बोटं करून तो म्हणाला. "हवा चांगली आहे. काका ठीक आहेत? तीच अ‍ॅसिडिटी?"

'अ‍ॅसिडिटी' हा शब्द आतापर्यंत आप्पांनाही पाठ झाला होता. त्यांनी तो पकडला. माझं मनगट धरलं आणि खालच्या आवाजात, पूर्ण शुद्धीत, म्हणाले, "तेच हाय म्हण. पित्त हाय म्हण. दोन तास ऱ्हायलेत गं. तुझी काकू परत सोडायची न्हाय मला. पुढच्या साली पाय चालतील का न्हाय कुणाला ठावं. एवढं सांग त्याला. तुझं ऐकतोय त्यो."

तुझं ऐकतोय, हे खरं होतं. पाच दिवस त्या माणसानं माझ्या शब्दापलीकडे काही तपासलं नव्हतं. मी हो म्हणाले असते तर आम्ही निघालो असतो. शिखर समोर होतं आणि मी अजिबात दमलेली नव्हते, हेही खरं होतं. माझ्याकडे वाक्य तयार होतं, गुळगुळीत, नेहमीसारखं: काका म्हणतात, फक्त जरा हळू चालू या.

गाइड वाट बघत होता. त्यानं खिशातून दोन बिया काढल्या, पण तोंडात टाकल्या नाहीत.

मी इंग्रजीत बोलले. वारा नव्हता, तरी मोठ्यानं बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. सांगितलं की ही अ‍ॅसिडिटी नाही. काल त्यांना दोनदा उलटी झाली, काल दुपारपासून पोटात अन्न नाही, डोकं दुखतंय, आत्ता दोन मिनिटं त्यांनी मला ओळखलं नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. आपल्याला खाली जायला हवं.

गाइडनं बिया बर्फावर टाकून दिल्या आणि दोराची गाठ सोडायला सुरुवात केली. उतरताना त्याला मागे राहायचं होतं आणि मला पुढे.

आप्पांना माझं सगळं इंग्रजी कळलं नव्हतं, पण गाठ सुटताना दिसत होती.

"काय सांगितलीस गं त्याला?" त्यांनी विचारलं. "लई लांबलं आज."

पाच दिवसांत पहिल्यांदाच मला काही कापायचं नव्हतं.

"सांगितलं की तुमाला पित्त झालेलं न्हाय," मी म्हणाले. "विरळ हवा लागली म्हणून सांगितलं. दोनदा उलटी झाली तेबी सांगितलं. मी काल सांगायला पायजे होतं, पन मलाबी वर जायाचं होतं आप्पा, लई जायाचं होतं, म्हणून गप्प बसले. आता खाली जायाचं. माझ्या मागनं या, सावकाश."